यमुनाबाईचा टाक

पाण्याचा तांब्या पुढे करायला मी वाकले, आणि तो माणूस पाणी घ्यायचं सोडून माझ्या गळ्याकडे बघत बसला.

"काय बघताय वं?" मी म्हणाले. असलं खपवून घेणारी मी नव्हेच. भर दुपार, नवरा शेजारी ऐरणीशी बसलेला, आणि हा शिकलासवरलेला माणूस डोळे फाडून बघतोय!

तो बिचारा गडबडला. "वहिनी, माफ करा. ते गळ्यातलं... ते नाणं आहे ना?"

"नाणं कुठलं आणलंय? सवत हाय माझी."

नवऱ्याच्या हातोडीचा ठोका तिथंच थांबला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

माणूस वाईट नव्हता. अष्टपुत्रे सर म्हणून होते, पुण्याचे. नदीपलीकडे आमच्या गावची जुनी पांढरी आहे, मातीची भलीमोठी टेकडी, तिथं दिवाळीपासून त्यांचं खोदकाम चाललं होतं. सोनाराकडे जुनीपानी चांदी येते का, हे विचारायला ते आले होते. खिशातून डबी काढून त्यांनी आम्हाला एक नाणं दाखवलं होतं. एका अंगाला कानामागे पानं खोवलेला राजा, दुसऱ्या अंगाला हातात कणसं धरलेली बाई. ही त्यांच्याकडची धान्याची देवी, म्हणाले. रोम म्हणून गाव आहे समुद्रापल्याड, तिथलं हे नाणं, दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांबरोबर आलेलं.

"अशी येतात की," आमचे हे म्हणाले होते. "पाऊस पडून गेला की पोरांना सापडतात. बाया घेऊन येतात मोडायला."

"मग तुम्ही काय करता त्यांचं?"

"मुशीत घालून वितळवतो. चांदी चांगली असती. टाक होतात."

सरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुमच्या गावच्या देवघरांतून रोमचे बादशहा बसलेत म्हणा, खंडोबा होऊन!" मला हसू आलं. बसले तर बसले, खंडोबाला काय फरक पडतो! मग त्यांनी पाणी मागितलं, मी वाकले, आणि पुढचं ते सगळं झालं.

सवतीचं सांगते. आमच्यात पहिली बायको वारली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा. देवघरात देवाचे, पितरांचे टाक असतात ना, चांदीच्या पत्र्यावर ठसा ठोकून उठवलेले, तसाच. लग्नात आधी तिला हळदकुंकू, मग मला. नवं लुगडं आलं की आधी तिला लावायचं, मग मी नेसायचं. सणाला पहिला घास तिचा. मी काय फार गरीब स्वभावाची नाही. "घे गं बाई, आधी तू मिरव," असं म्हणूनच तिच्यापुढं लुगडं धरायची. नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. यमुनाबाई नाव तिचं. लेक दोन वर्षांची असताना तापानं गेली. माहेरचं कुणी उरलं नव्हतं, आणि फोटो म्हणाल तर एक नाही. त्या काळात कोण काढतंय फोटो!

माझ्या गळ्यातला टाक मात्र इतर टाकांसारखा नव्हता. जाड होता, गोल होता. त्यावर एका बाजूनं दिसणारं बाईचं तोंड होतं. सरळ नाक, भरलेली हनुवटी, केसांच्या वेण्या डोक्यावर गुंडाळून घातलेला अंबाडा. टाकाच्या पाठीला मोर. मी मनाशी म्हणायची, नवरा कारागीर माणूस, त्यानं आपल्या लाडक्या बायकोसाठी जीव ओतून घडवला असणार. जळायचीही त्यावरून. का जळू नये?

आणि उजू. उज्ज्वला, यमुनाबाईची लेक. मी लग्न होऊन आले तेव्हा चार वर्षांची होती. पहिले दोन दिवस दाराआडून बघत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, लेकरू लागलं आपल्याला. तर तिनं टाक हातात घेतला आणि म्हणाली, "आईला बघायचंय."

तेव्हापासून तेच. शाळेत मार खाल्ला, आली टाकाकडे. परीक्षेला निघाली, टाकाला बोट लावून कपाळाला लावलं. माझ्याशी बोलायची तेसुद्धा गळ्याकडे बघून. "मावशी, भूक लागली," हेही ती टाकालाच सांगायची. मी आपली मधल्या मधे खुंटीसारखी. कधी कधी वाटायचं, ए पोरी, वर बघ की जरा, इथं तोंड आहे मला! पण बोलले नाही कधी. आईचं तोंड बघत होती ती. तेवढंच होतं तिच्याकडे.

तर त्या दुपारी सर भिंग काढून पायरीवर बसले. टाक गळ्यातून काढायचा नसतो, म्हणून मी दोरा ताणून पुढे धरला. नवऱ्यानं काही तरी हरकत घ्यावी की नाही? तो शेगडीतले निखारे चिमट्यानं खालीवर करत बसला. तेवढ्यात उजू शाळेतून आली. शनिवारची अर्धी शाळा. सातवीत होती ती. परका माणूस टाक बघतोय म्हटल्यावर दप्तर पाठीवर तसंच, जवळ येऊन मोठ्या मानानं म्हणाली, "ती माझी आई आहे."

सरांचं सगळं ध्यान भिंगात. मान वर न करता ते म्हणाले, "नाही बाळ. ही रोमची राणी आहे. फाउस्टिना. हे बघ, कडेनं अक्षरं आहेत, नावच लिहिलंय तिचं. ही वारली तेव्हा तिच्या नवऱ्यानं, राजानं, तिला देवी करून घेतलं. देऊळ बांधलं तिचं. आणि तिच्या तोंडाची ही नाणी पाडली. मागं मोर आहे ना, तो तिला स्वर्गात नेणारा..."

मग त्यांनी मान वर केली आणि पोरीचं तोंड बघितलं.

"अण्णा," उजू म्हणाली, "हे खोटं सांगतायत ना?"

नवऱ्यानं मान वर केली नाही.

"बोला की वं!" मी म्हणाले.

"निखारे विझायला लागलेत," तो म्हणाला आणि फुंकणी उचलली.

पोर दप्तरासकट बाहेर पळाली. सर उठले आणि पाणी न पिताच निघून गेले.

उजू कुठं गेली असेल? ती गेली आळीतल्या दारोदार. गयाबाईला विचारलं, माझी आई कशी दिसायची. गयाबाई म्हणाली, गोरी होती, उंच होती. मग कोंडाबाईला विचारलं. ती म्हणाली, छे गं, सावळी, ठेंगणी, पण तरतरीत. शिंप्याची म्हातारी म्हणाली, नाक बसकं होतं तिचं, आणि मग पोरीचा चेहरा बघून म्हणाली, बसकं म्हणजे तसं नव्हे, बरं होतं. दहा वर्षांत माणूस असं पुसून जातं! दिवेलागणीला परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. जेवायला बोलावलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मग मात्र माझा संयम सुटला. दुकान आणि घर यांच्यात एक दारच होतं. ते लोटून घेतलं आणि मी नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कोण हाय ही?" टाक मुठीत धरून मी विचारलं. "आठ वर्षं मी हिला आधी कुंकू लावते. माझ्या आधी लुगडं हिला. पहिला घास हिला. कोण कुठली समुद्रापल्याडची बाई, तिची सवत करून मला नांदवलं तुम्ही? त्या लेकराला रोज तिच्यापुढं हात जोडायला लावलं? सोनार ना तुम्ही? साऱ्या तालुक्याच्या भवान्या घडवता, आणि घरच्या बाईला एक टाक झाला नाही तुमच्यानं?"

"नाही झाला," तो म्हणाला.

मी हटले नाही. मग त्यानं आपणच खालच्या फळीवरचा पितळी ठसा काढून माझ्यापुढं ठेवला. हात जोडलेली, पदर घेतलेली बाई.

"गावात कुणाचीबी बाई गेली की हा ठसा. पाटलीण गेली तरी हाच, कोतवालाची गेली तरी हाच. तोंड सगळ्यांचं एक. लोकांना चालतं. मलाबी चालत होतं. यमुना गेली आन् मग नाही चाललं. म्हटलं, हिचं तोंड घडवू. पत्रा घेतला, बसलो. नाक चुकलं. वितळवला. परत बसलो. डोळे चुकले. देवाचं तोंड हातात बसलेलं असतं गं, डोळे मिटून होतं. माणसाचं कधी केलंच नव्हतं मी."

"मग?"

"मग ते आलं. एका बाईनं आणलं मोडायला. मुशीत टाकणार तर तोंड दिसलं. अंबाडा अगदी तस्सा. नाहून आली की ती असाच बांधायची. आन् मागं मोर. तिच्या हातावर मोर गोंदलेला होता. मला वाटलं, आलीच ती." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "तू यायची होतीस लग्न होऊन. टाक तर लागणारच होता. मग दोऱ्यासाठी कडी डाकून बसवली त्याला."

मला राग तर होताच, पण तो कुठं ठेवावा हेच सुचेना.

मागे दार वाजलं. उजू उभी होती. सगळं ऐकलं असणार तिनं.

"अण्णा, मग खरी कशी होती? तुम्ही सांगा. तुम्हाला तर ठावं असंल."

नवऱ्यानं डोळे मिटले. मला अजून दिसतो तो तसा बसलेला, गुडघ्यावर हात ठेवून, कपाळाला आठ्या घालून. पोर त्याच्या तोंडाकडे बघतेय. मीही बघतेय. आपली सवत कशी होती हे मलाही पाहिजेच होतं की.

मग त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"हीच येती गं," तो म्हणाला. "डोळे मिटले तरी हीच येती, टाकातली. रोज हिच्याकडंच बघत आलो ना. ती येईना. किती दिवस झाले, ती येतच नाही."

उजू तशीच वळली आणि जाऊन अंथरुणावर पडली. त्या घरात आम्ही तिघं होतो आणि तिघंही रडत होतो, पण जो तो आपापल्या जागी.

पुढचे दिवस फार वाईट गेले. उजू माझ्या गळ्याकडे बघेना. वर तोंडाकडे बघायची तर सवयच नव्हती. मग जमिनीकडे बघायची. भाकरी वाढली तर ताटाकडे. शाळेला जाताना टाकाला बोट लावणं बंद. आठ वर्षं मला जे खुपत होतं ते गेलं, आणि घर असं खायला उठलं म्हणता!

अष्टपुत्रे सर परत आले. येताना उजूला पेनं आणली होती. तिनं हात पुढे केला नाही.

"वहिनी, माझं चुकलं," ते म्हणाले. "पोरीसमोर बोलायला नको होतं."

"बोललात ते खरंच होतं ना? मग झालं."

मग त्यांनी भीतभीत विषय काढला. असं नाणं या भागात अजून मिळालेलं नाही, ते संग्रहालयात ठेवलं तर जपलं जाईल, खाली तुमचं नाव लावू. नवरा माझ्याकडे बघायला लागला.

"देऊन टाका," उजू आतून म्हणाली. "ती काही आई नाही."

"सर," मी विचारलं, "त्या राजानं पुढं दुसरी केली का?"

"नाही. वीस वर्षं जगला तिच्यामागं, पण दुसरं लग्न नाही केलं. शेवटपर्यंत तिचीच नाणी पाडत राहिला."

"म्हणजे हिला सवत नव्हती."

"नव्हती."

"आता हाय," मी म्हणाले. "लग्नात भटजीनं हिला यमुनाबाई म्हणून माझ्या गळ्यात घातलं. हिच्यामागून मी या घरात आले. ही काढली तर मी कोण? नाही देत मी."

सर शहाणे होते. पुन्हा म्हणून विषय काढला नाही त्यांनी. दाराबाहेर जाऊन मात्र वळून एकदा टाकाकडे बघून घेतलं.

त्यानंतरच्याच बाजारच्या दिवशी उजू चुलीपाशी आली. माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "मावशी, मला फोटो पाहिजे."

"कशाचा गं?"

"तुझा. उस्मानाबादला काढतात. आजच जायचं."

"माझा? मला काय झालंय फोटो काढायला? मरायला टेकले का मी?"

ती एकदम रडायलाच लागली. "आईपण मरायला टेकली नव्हती," म्हणाली.

मी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि उठले.

एसटीनं गेलो आम्ही दोघी. नवऱ्यानं दुकानातून बघितलं. स्टुडिओत पडद्यावर बाग रंगवलेली, पुढं एक खुर्ची. मी लग्नातलं लुगडं नेसले होते. फोटोवाला पोरगा चटपटीत होता. त्यानं दिवा माझ्यावर वळवला, मागे सरून डोळे बारीक केले आणि म्हणाला, "बाई, गळ्यातलं ते जरा पुढं घ्या. चांदी झकास चमकतीय. फोटोला उठाव येईल."

मी टाक पदरावर नीट ठेवला. ठेवायचाच असतो. आधी तिचा मान.

"नको," उजू म्हणाली. ती त्या पोराच्या बाजूला उभी होती. "मावशी, तो आत घाल."

मी तिच्याकडे बघितलं, आणि ती माझ्याकडे बघत होती. गळ्याकडे नाही. जमिनीकडे नाही. माझ्या डोळ्यांत, मग नाकाकडे, मग कपाळावरच्या जुन्या खोकेच्या वणाकडे, मग परत डोळ्यांत. पाठांतराला बसल्यावर बघायची ना, तसं एकेक करून बघत होती. आठ वर्षं मी वाट बघितली होती त्याची.

मी टाक चोळीच्या आत सोडला.

आणि माझं काळीज जे हललं म्हणून सांगू! वाटलं होतं, त्या क्षणी मला जग जिंकल्यासारखं होईल. झालं उलटंच. यमुनाबाई माझ्या छातीशी थंडगार लागली आणि मला कळलं, संपली ही. नवऱ्याला आठवत नाही. आळीला आठवत नाही. आजवर एक पोर होती तिच्याकडे बघणारी, तीही म्हणतेय आत घाल. जिनं जन्म दिला तिचं तोंड आता या जगात कुठंच नव्हतं. आणि तिच्या नावानं एवढं रडू कुणाला यावं, तर मला. सवतीला! इतकी वर्षं जिचा राग केला तिच्यासाठी मी त्या रंगवलेल्या बागेपुढं ओठ दाबून बसले होते.

"हसा की बाई जरा," पोरगा म्हणाला.

हसायचं मला जमलं नाही. त्यानं तसाच काढला.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. नवरा गेला तेव्हा बायकांनी माझं मंगळसूत्र काढलं आणि टाकालाही हात घातला. म्हणाल्या, आता सवत कशाला, ज्याच्यामुळं होती तोच गेला. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, ही त्यांची नाही, माझी आहे. अजून सणाला पहिला घास तिचा काढते. त्या राणीला पोचतो की यमुनाबाईला, ते त्यांचं त्यांनी बघून घ्यावं. मोर माझ्या अंगाला घासून पार सपाट झालाय. तोंड तेवढं शाबूत आहे.

फोटो उजूकडे आहे, बार्शीला. तिनं तो मोठा करून बैठकीत लावलाय. तिची पोरं म्हणतात, आजी फोटोला घाबरली होती वाटतं. मीही हो म्हणते. उजू मात्र फोटोवरून फडकं फिरवते तेव्हा तिचा हात माझ्या गळ्यापाशी थोडा थांबतो. तिथं टाक दिसत नाही. नीट बघितलं तर चोळीत गेलेला काळा दोरा तेवढा दिसतो.